सूज उतरेपर्यंत

सातव्या दिवशी आतलं पॅकिंग निघालं, कॅथेटर निघालं आणि सिस्टरने माझ्या हातात एक छोटा आरसा दिला. पुढचे कित्येक महिने डायलेशन मलाच करायचं होतं, त्यामुळे कुठे काय आहे ते एकदा नीट बघून घेणं भाग होतं. मी बघितलं आणि आरसा चादरीवर पालथा ठेवला. काळंनिळं, तकतकीत, उजवीपेक्षा डावीकडे जास्त फुगलेलं, टाक्यांच्या मधून वर आलेलं काहीतरी तिथे होतं. ज्याची इतकी वर्षं वाट बघितली ते हे?

राउंडला आलेले सर्जन म्हणाले, “आत्ता दिसतंय त्यावरून काही ठरवू नका. ही सूज आहे. सहा आठवड्यांत बरीच उतरेल. उरलेली उतरायला कधीकधी वर्षही लागतं.” आणि ते पुढच्या खोलीकडे गेले. मी फोन काढला.

फोनवर जे सापडलं ते सगळं ‘आधी’ आणि ‘नंतर’. इतिहास म्हणून जे लिहिलेलं आहे त्याचीही तीच तऱ्हा. अमुक साली अमुक डॉक्टरने पहिल्यांदा शस्त्रक्रिया केली, आणि पुढच्याच वाक्यात पेशंट फरचा कोट घालून विमानातून उतरते. मधले आठवडे गायब. मग पडल्या पडल्या मी हा इतिहास वेगळ्या टोकाने वाचायला घेतला. कोणी काय शोधलं ते बाजूला ठेवायचं. ऑपरेशन झाल्यावर नवव्या दिवशी ते माणूस कुठे झोपलं होतं, त्याच्याजवळ कोण होतं आणि आजूबाजूच्यांना त्याने काय सांगितलं होतं, एवढंच शोधायचं.

पण आधी सूज म्हणजे काय, ते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं नोंदवून ठेवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत, आम, पच्यमान आणि पक्व. कच्च्या सुजेला शस्त्र लावणारा वैद्य आणि पिकलेली सूज तशीच सोडून देणारा वैद्य, दोघांनाही तिथे सारखंच झोडपलं आहे. म्हणजे सूज बघून ‘थांबायचं की हात घालायचा’ हे ठरवता येणं, हीच तेव्हाही वैद्याची परीक्षा होती. पण मुळात पाणी तिथे साठतं कसं याचं बऱ्यापैकी उत्तर मिळायला १८९६ साल उजाडलं. लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने दाखवलं की केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी सतत बाहेर झिरपत असतं आणि रक्तातली प्रथिनं ते आत ओढून धरत असतात. या ओढाताणीत बाहेर जे उरतं ते लसीकावाहिन्या वाहून नेतात.

ऑपरेशनमध्ये ही सगळीच व्यवस्था बिघडते. दुखावलेल्या भिंती जास्त गळतात, पाण्याबरोबर प्रथिनंही बाहेर येतात, आणि लसीकावाहिन्या तर कापल्याच गेलेल्या असतात. धमनीची भिंत जाड, ती रक्त आत ढकलत राहते. शीर पातळ, जरा दाब आला की मिटते. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, असं ते घर होतं. त्यात ही जागा धडाच्या तळाशी, त्यामुळे उभं राहिलं की सगळं पाणी तिकडे. मांड्यांवर आतून निळे डाग उतरत जातात तेही याच कारणाने. लघवीची धार सरळ न येता भलतीकडेच फवारते, कारण दारातच सूज बसलेली असते. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर एक अख्खी रात्र संडासात बसून रडण्यात गेली नसती.

(सगळीच सूज अशी निरुपद्रवी नसते, हेही सिस्टरने बजावलं होतं. एका बाजूला अचानक वाढून टणक झाली, ताप आला, पू आला, नाहीतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर वाट बघत बसायचं नाही. सेल्ससची चार लक्षणं तिला माहीत होती की नव्हती, कोण जाणे. पण तिच्या प्रश्नांचा क्रम जवळपास तोच असायचा.)

आता या शस्त्रक्रियेतली मूळ युक्ती. त्वचेचा तुकडा पुरता न तोडता, रक्तपुरवठ्याच्या देठावर जिवंत ठेवून दुसरीकडे वळवायचा. याला सर्जन लोक फ्लॅप म्हणतात. माझ्या शरीरात बरंचसं काम याच युक्तीने झालं आहे. आणि जगाला या युक्तीची नव्याने ओळख झाली ती मी राहते त्या पुण्यातून, हे मला हॉस्पिटलच्या पलंगावर कळलं.

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या सैन्याबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्याने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने कापायचा, तो कपाळावर पसरून रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवून भुवयांच्या मधल्या देठावर खाली वळवायची. कंपनी सरकारचे दोन डॉक्टर हे बघायला हजर होते. वीस वर्षांनी लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूने याच पद्धतीने नाक केलं आणि मग ही पद्धत युरोपभर गेली.

ही गोष्ट अभिमानाने सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते बहुतेक नाकाशीच थांबतात. मला त्या पत्राचा शेवट जास्त आवडला, कारण त्यात ड्रेसिंग आहे. पहिले चार दिवस काथ कालवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, दुसरं काही नाही. मग तुपात भिजवलेल्या पट्ट्या. पाच-सहा दिवस पेशंटने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास, कातडीने नव्या जागी बूड धरलं की मधला देठ कापायचा. नवी पोकळी मिटायला बघते, तिला आतून धरून ठेवावं लागतं, हे त्या माणसाला नीट ठाऊक होतं. मी माझा डायलेटर उशाशी ठेवून हे वाचत होते.

त्या कारागिराचं नाव पत्रात नाही. बरं होत असताना कावसजीला काय वाटलं, हेही नाही. चित्रात मात्र तो आहे, समोर बघणारा, नवं नाक असलेला. पुन्हा तेच, ‘नंतर’.

नाकापासून खाली यायला शंभरावर वर्षं लागली. बर्लिनमध्ये डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्डने १९१९ मध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. तिथे राहणारी डोरा रिश्टर ही बोहेमियातल्या एका गरीब घरात जन्मलेली बाई. १९२२ मध्ये तिचे वृषण काढले गेले, आणि १९३१ मध्ये उरलेल्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यातली योनी घडवण्याची शस्त्रक्रिया एर्विन गोरबांट या सर्जनने केली. संस्थेतल्या फेलिक्स आब्राहमने त्याच वर्षी याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नकार दिला तर पेशंट स्वतःच स्वतःला कापून घेतील, ही भीती त्याने ऑपरेशनच्या बाजूने मांडली. हिर्शफेल्ड स्वतः तेव्हा जर्मनीत नव्हता. १९३० च्या शेवटी तो जगाच्या सफरीवर निघाला होता, १९३१ मध्ये तो भारतातही येऊन गेला, आणि मायदेशी परत कधीच गेला नाही.

मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच तपशिलाने. डोरा त्या संस्थेत मोलकरीण होती. तिच्यासारख्या आणखीही काही जणी तिथे कामाला होत्या, कारण बाहेर त्यांना कोणी काम देत नसे. म्हणजे जिथे ऑपरेशनचा निर्णय झाला, तेच तिचं घर, तेच तिचं कामाचं ठिकाण. सुजलेल्या अवस्थेत तिला रस्त्यावरून चालत जाऊन कोणाला उत्तरं द्यायची नव्हती.

त्याच वर्षी, त्याच देशात, लिली एल्बं ही डॅनिश चित्रकार ड्रेस्डेनच्या दवाखान्यात होती. तिची पहिली शस्त्रक्रिया १९३० मध्ये बर्लिनला झाली, पुढच्या ड्रेस्डेनला, कुर्ट वार्नेक्रोस या डॉक्टरकडे. १९३१ च्या उन्हाळ्यातल्या शेवटच्या ऑपरेशननंतर ती सावरलीच नाही आणि १३ सप्टेंबरला गेली. पेनिसिलिन बुरशीच्या रूपात सापडलं होतं, पण औषध म्हणून हाती यायला अजून दहा-बारा वर्षं होती. जखम भरते की कुजते, हे बघत बसण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. लिलीवर सिनेमा निघाला. डोराच्या घरावर ६ मे १९३३ ला नाझी विद्यार्थी चालून गेले आणि चार दिवसांनी तिथली पुस्तकं चौकात जाळली. त्या हल्ल्यात डोरा मारली गेली असावी असं कित्येक वर्षं लिहिलं जात होतं. अलीकडच्या संशोधनात कळलं की ती वाचली होती, आणि १९६६ पर्यंत जगली. बरी होऊन, म्हातारी होऊन गेली. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटीच हसले. टाके ओढले गेले.

पण ज्याच्याजवळ मी खरी थांबले तो मायकेल डिलन.

त्याच्याकडे जायचं तर पहिल्या महायुद्धातून जावं लागतं. खंदकातून मान वर काढली की चेहऱ्यावर गोळी, असं ते युद्ध. लंडनजवळ सिडकपला १९१७ मध्ये अशा चेहऱ्यांसाठी खास हॉस्पिटल सुरू झालं, आणि तिथे न्यूझीलंडचा हॅरल्ड गिलीज काम करत होता. कपाळाच्या कातडीचं नाक तोही करायचा. त्याच वर्षी एका भाजलेल्या खलाशावर काम करताना त्याच्या लक्षात आलं की उचललेल्या कातडीच्या पट्टीच्या कडा आपणहून आत वळतात. त्याने त्या कडा एकमेकींना शिवून टाकल्या. कातडीची नळी झाली, पिशवीच्या बंदासारखी दोन्ही टोकांना जोडलेली. आतली ओली बाजू झाकली गेल्याने जंतुसंसर्ग कमी झाला. (ओडेसाच्या फिलातोव्हला हीच गोष्ट वर्षभर आधी सुचली होती, दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.) नळीचं एक टोक कापायचं, शरीरावर दुसरीकडे रुजवायचं, काही आठवडे थांबायचं, मग दुसरं टोक कापायचं. अशी ती नळी अंगावरून टप्प्याटप्प्याने चालवत न्यायची.

प्रत्येक टप्प्याला रक्ताची एक वाट बंद होते आणि सगळा भार उरलेल्या वाटेवर येतो. नळी फुगते, रंग बदलते. पांढरी पडली तर रक्त पोचत नाही. जांभळीकाळी पडली तर परत येत नाही, म्हणजे मोरी तुंबलेली. घाईने दुसरं टोक कापलं तर अख्खी नळी मरायची. म्हणून सर्जनला बोटांइतकीच धीराची गरज होती, आणि पेशंटला तर त्याहून जास्त. सिडकपच्या वॉर्डात आरसे ठेवू देत नसत असं सांगतात. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळे रंगवलेले होते, तिथे हे पेशंट बसायचे. समोरून येणाऱ्याला आधीच अंदाज यावा, म्हणून.

(जळवांची गोष्ट इथेच सांगून टाकते. १९६० मध्ये युगोस्लाव्हियातल्या देर्गांत्स आणि झ्द्राविच या डॉक्टरांनी लिहिलं की रक्त तुंबून जांभळ्या पडलेल्या फ्लॅपवर जळवा लावल्या तर तो वाचू शकतो. आज काही मोठ्या हॉस्पिटलांत त्यासाठी जळवा पाळलेल्या असतात. सुश्रुताने त्यांच्यावर आख्खा अध्याय लिहिला आहे. मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “अगं, मग आमच्या तळ्यातल्या आणल्या असत्या की.”)

तर डिलन. १९१५ चा जन्म, मुलगी म्हणून वाढवलेला, पुरुष संप्रेरकं घेणारा, १९४२ मध्ये छातीची शस्त्रक्रिया करून घेतलेला. गिलीजशी त्याची गाठ युद्धाच्या काळातच पडली, पण तेव्हा जखमी सैनिकांची रांग लागलेली होती. काम सुरू झालं १९४६ ला, आणि १९४९ पर्यंत चाललं. निदान १३ ऑपरेशनं. डिलन तेव्हा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात डॉक्टरकी शिकत होता आणि कॉलेजला सुट्टी लागली की इंग्लंडला येऊन पुढच्या टप्प्यासाठी ॲडमिट व्हायचा. बेसिंगस्टोकजवळच्या रुक्सडाउन हाउसमध्ये गिलीजचे इतर पेशंट असायचे, कोणाच्या गालापासून नळी लोंबतेय, कोणाचा हात चेहऱ्याला शिवलेला. अशा वॉर्डात आणखी एका बँडेज बांधलेल्या माणसाकडे कोण बघणार?

गिलीजने कागदावर निदान लिहिलं ते हायपोस्पेडियास, म्हणजे मूत्रद्वार भलत्या जागी असण्याचा जन्मजात दोष. डॉक्टरने पेशंटला दिलेलं ते कवच होतं. आणि सुट्टी संपून डिलन कॉलेजात परतायचा तेव्हा जखमा कधी कधी चिघळलेल्या असायच्या, काही काळ तो लंगडतही होता. वर्गात कोणी विचारलं तर तो सांगायचा, युद्धातली जखम आहे.

इथे मी फोन खाली ठेवला. मी ऑफिसात हर्निया सांगितलं होतं.

रजेच्या अर्जात कारणाचा रकाना होता. मी बराच वेळ त्याच्यापुढे बसले होते. ऑफिसात माझं नवं नाव सगळ्यांना माहीत आहे, ओळखपत्रावरही तेच आहे, तसं लपवण्यासारखं फार उरलेलं नाही. तरी हर्निया लिहिलं, कारण त्यावर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मग एक सहकारी फोनवर म्हणाली की तिच्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, ते तर दहा दिवसांत कामावर आले. मी म्हटलं, माझं जरा अवघड होतं. सूज लपवायला खोटं बोललं की ते खोटंही पोसत बसावं लागतं.

डिलनला ते फार काळ पोसता आलं नाही. तो जहाजावरचा डॉक्टर झाला. त्याचं घराणं सरदारांचं, भाऊ बॅरोनेट. १९५८ मध्ये सरदार घराण्यांच्या दोन वंशावळींत त्याच्या नावाचा मेळ बसेना, आणि एका इंग्रजी वर्तमानपत्राने सगळं चव्हाट्यावर आणलं. तो जहाज सोडून भारतात आला. कालिंपोंगला तो ज्या इंग्रज भिक्षूकडे राहिला ते संघरक्षित. नागपूरकरांना हे नाव नवं नाही. डॉ. आंबेडकर गेले तेव्हा संघरक्षित नागपुरात होते, आणि सुन्न झालेल्या वस्त्यांमधून त्यांनी त्या दिवसांत एकामागून एक सभा घेतल्या होत्या. डिलनला जीवक हे नाव मिळालं ते त्यांच्याकडे असताना. जीवक म्हणजे बुद्धाचा वैद्य. पुढे दोघांचं बिनसलं, कारण भिक्षू होण्याच्या आड विनयातला तृतीयपंथी व्यक्तींविषयीचा जुना नियम आला, आणि डिलनने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या विरोधात गेली. तो लडाखच्या रिझोंग मठात श्रामणेर म्हणून राहिला. १५ मे १९६२ ला डलहौसीत वारला, ४७ वर्षांचा होता. आत्मचरित्राचं बाड त्याने आधीच इंग्लंडला धाडलेलं होतं. भावाला ते जाळायचं होतं. ते छापलं गेलं २०१७ मध्ये.

१३ ऑपरेशनं, तीनेक वर्षं, दर वेळी सूज, दर वेळी परत जाऊन वर्गात नीट चालून दाखवायचं. वैद्याचं नाव त्याला शोभायचं.

कॅसाब्लांकाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते खूप लिहिलं गेलं आहे. फ्रेंच डॉक्टर जॉर्ज ब्युरूने तिथे १९५६ पासून शिश्नाची त्वचा आत उलटवून योनी करायची पद्धत वापरली. आज आपल्याकडे होतात त्यातल्या बऱ्याच ऑपरेशनांचा सांगाडा तोच. पॅरिसच्या क्लबांत काम करणाऱ्या बायका पैसे साठवून त्याच्याकडे जायच्या. ब्रिटिश मॉडेल एप्रिल ॲश्ली १२ मे १९६० ला तिथे टेबलावर होती. ऑपरेशन सात तास चाललं, नंतर वेदना भयंकर, आणि डोक्यावरचे केस गळून गेले. एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी १९५३ मध्ये जगाला देणारी पत्रकार जॅन मॉरिस १९७२ मध्ये तिथेच गेली, कारण ब्रिटनमध्ये आधी बायकोशी घटस्फोट घ्या अशी अट होती आणि ती दोघांनाही नको होती. तिच्या १९७४ च्या पुस्तकात त्या क्लिनिकचे दिवस आहेत, तिथे बऱ्या होत असलेल्या बाकीच्या बायकाही आहेत. पण शेवटी सगळ्यांना थोड्याच दिवसांत विमान गाठायचं होतं. सर्जन एका खंडात, पेशंट दुसऱ्या, आणि सूज विमानाच्या सीटवर. तिसऱ्या आठवड्यात टाका सुटला तर दाखवायचं कोणाला? आजही परदेशी जाऊन ऑपरेशन करून येणाऱ्यांची हीच अडचण आहे. इथल्या डॉक्टरांना ते केस नकोसे असतात.

आपल्याकडे मात्र या मधल्या आठवड्यांची एक फार जुनी मोजणी आहे, आणि ती कुठल्या डॉक्टरची नाही.

हिजडा समाजातल्या निर्वाणाबद्दल अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सेरेना नंदा यांनी १९९० च्या पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. करणारी दाईमा, म्हणजे समाजातलीच अनुभवी व्यक्ती. जखम शिवायची नाही. मूत्रमार्ग मिटू नये म्हणून काडी घालायची. रक्त वाहू द्यायचं, कारण ते पुरुषाचं रक्त, ते जायलाच हवं. मग गरम तेलाने जखम भरून काढायची. मी याचं गुणगान करणार नाही. यात माणसं मेली आहेत, आणि ज्या वाचल्या त्यांतल्या कित्येकींना लघवीचा त्रास जन्मभर पुरला. तरी एक गोष्ट तिथे होती जी कॅसाब्लांकाला नव्हती. निर्वाण झालेलीला बाळंतिणीसारखं ४० दिवस घरात ठेवायचं, खास खायला घालायचं, काम सांगायचं नाही. चाळिसाव्या दिवशी हळद लावून, नवरीसारखं सजवून तिला पुन्हा लोकांत आणायचं. ४० दिवस म्हणजे पावणेसहा आठवडे. माझ्या डिस्चार्ज कार्डावर पुढच्या मोठ्या तपासणीची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती.

मावशीने यातलं काही वाचलेलं नव्हतं. कराडहून ती आली ती डिंकाचे लाडू आणि अळिवाची पुडी घेऊन. आई येणार नव्हती, ते आमचं आधीच ठरल्यासारखं होतं. काय ऑपरेशन झालंय हे मावशीने एकदाही तोंडाने उच्चारलं नाही. पण पहिल्या संध्याकाळी खिडकीची फट कापड कोंबून बंद करत म्हणाली, “सव्वा महिना वारं लागू द्यायचं नाही. खाली वाकायचं नाही. जड उचलायचं नाही.” शेगडी घ्यायचाही तिचा बेत होता. कापलेल्या जागेला शेक चालणार नाही, सध्या तिथे नीट जाणीव नसते, भाजलं तरी कळत नाही, असं मी सिस्टरचं नाव सांगून अडवलं, तर दिवसभर हिरमुसून बसली. दुसऱ्या दिवशी मीच बर्फाचा शेक कापडात गुंडाळून घ्यायचा असतो म्हटल्यावर तिने तो ताबा घेतला. वीस मिनिटं, मोबाईलवर अलार्म लावून.

बाळंतिणीलाही तिथे टाके असतात, सूज असते, तिचीही लघवी नीट होत नाही, तिलाही उशी घेऊन बसावं लागतं. मावशीने तीन बाळंतपणं स्वतःची आणि सात-आठ दुसऱ्यांची केलेली. अडीचाव्या आठवड्यात मी पुन्हा आरसा घेतला आणि म्हटलं, डावी बाजू बघ, वाकडीच राहणार आहे. ती पलीकडे बघत बटाटे सोलत होती. म्हणाली, “ज्या कुशीवर झोपतेस ती बाजू जड होते. कूस बदलत जा.” दोन रात्री मी उजवीकडे झोपले. डावीकडची थोडी उतरली, उजवीकडची थोडी वाढली.

तिसऱ्या आठवड्यानंतर निळेपणा पिवळा झाला. चौथ्यात खाज सुटली, जिवंत तारेचा झटका बसावा तशी अचानक चमक यायला लागली. नसा जाग्या होताहेत, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. पाचव्यात धार बऱ्यापैकी सरळ आली. हे मी तारखांसकट वहीत लिहून ठेवलं आहे, कारण मला कोणाचं लिहिलेलं सापडलं नव्हतं.

सव्वा महिना झाला त्या दिवशी मावशीने मला न्हाऊ घातलं, खिडकीतलं कापड काढलं, आणि दुपारच्या एसटीने गेली. जाताना नवं पातळ दिलं, मोरपंखी.

ऑफिसला गेले ती रबराची गोल उशी पिशवीत घालून. खुर्चीवर ठेवली आणि बसले. काकांच्या हर्नियावाली सहकारी शेजारून बघत होती. म्हणाली, “हर्नियाला अशी उशी लागते?”

“हर्निया नव्हता,” मी म्हटलं. “दुसरं ऑपरेशन होतं. चहाला गेलो की सांगते. सूज आहे अजून, मला हळू चालावं लागेल.”

ती उठली आणि माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवली.